साकवाची आजची प्रगती

आमच्या वाडीचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, पुरा झाला, त्यावरून एक पावसाळाही गेला. बातमी पाठवावी असं आता काही उरलेलं नाही. तरी बातम्या पाठवणारं ते यंत्र मी चालू ठेवलंय. चुलतभाऊ दोनतीनदा म्हणाला, "ताई, बंद कर तां आता. साकव झालो, आता बातमी खंयची देवची?" मी काहीतरी सबब सांगून वेळ मारून नेते. खरं कारण आईला ठाऊक आहे आणि मला.

यंत्र म्हणजे लोखंडाचं काही नव्हे. पुण्याच्या ऑफिसात पोटासाठी मी जे करते तेच. एखादं काम कुठवर आलं ते एका जागी लिहायचं, आणि ते आपोआप ज्याच्या त्याच्या फोनवर, ज्याला जिथे बघायची सवय आहे तिथे, पोचेल अशी सोय लावून द्यायची. बाबा त्याला यंत्र म्हणायचे, म्हणून मीही म्हणते.

तोंडवलीच्या अलीकडे एक व्हाळ खाडीला मिळतो आणि त्या व्हाळाच्या पलीकडे आमची वाडी. भरतीच्या वेळी ओढ्याची नदी होते आणि पावसात तर विचारूच नका. माडाचे सोट आडवे टाकून केलेला जुना साकव दरवर्षी वाहून जायचा आणि दरवर्षी वाडी तो पुन्हा बांधायची. बाबा पोस्टमन होते. सगळी नोकरी त्यांनी तसल्याच साकवांवरून सायकल खांद्यावर घेऊन काढली. निवृत्त झाल्यावर त्यांना झोप लागेना, आणि मग त्यांनी पक्क्या साकवाचं डोक्यात घेतलं. कचेऱ्यांचे उंबरे झिजवून झाले. शेवटी म्हणाले, "आपणच बांधूया." मुंबईकर तयार झाले, आखातात गेलेले तयार झाले, गोव्यात गॅरेज टाकलेला एकजण तयार झाला, मिठबावला दिलेली आत्यासुद्धा म्हणाली, माझंही नाव घाला. बाबा अध्यक्ष झाले. आमच्याकडे अध्यक्ष म्हणजे ज्याने सगळ्यांच्या शिव्या खायच्या तो.

शिव्या कामावरून नव्हत्या, बातम्यांवरून होत्या. मुंबईकरांचा एक ग्रुप. आखातवाल्यांचं वेगळंच चॅनल, कारण मुंबईकरांशी त्यांचं जुनं वाकडं. तरण्या पोरांनी व्हिडिओ टाकायला एक पान काढलेलं, बायकांचा निराळा ग्रुप, आणि आत्येच्या मुलाला सगळं ई-मेलवर हवं, तो साहेब ना. खडी आल्याचं मुंबईकरांना सकाळी कळलं आणि आखातवाल्यांना संध्याकाळी, तर आखातवाल्यांचं तोंड फुगायचं. बाबा घरापुढच्या खळ्यात बाकड्यावर बसून चष्मा कपाळावर चढवून एकाच बोटाने तेच पुन्हा पुन्हा लिहायचे. पहिल्या ग्रुपला "आपल्या सर्वांच्या आशीर्वादाने आज खडीचा पहिला ट्रक आला" असं जायचं. शेवटच्यापर्यंत पोचता पोचता आशीर्वाद गळून जायचे आणि उरायचं, "खडी आली. बास."

दिवाळीला गेले तेव्हा मी ते बघून वैतागले. म्हटलं, बाबा, आयुष्यभर दारोदार हिंडलात ते पुरे नाही झालं का? आणि एका दुपारी बसून यंत्र लावून दिलं. कामाचा एक छोटा ग्रुप केला, त्यात बाबा, चुलतभाऊ, समितीतले दोघे आणि सेंट्रिंगचा ठेकेदार. त्या ग्रुपात 'साकव' या शब्दाने सुरू होणारं जे काही कोणी लिहील, ते पाचही ठिकाणी एकाच क्षणी जाणार. वर आपोआप ठळक मथळा लागणार, "साकवाची आजची प्रगती", आणि खाली, "आपली वाडी, आपला साकव. प्रतिक्रिया जरूर कळवा." फोटो असला तर फोटो जाणार. नसला तर पान उघडं दिसू नये म्हणून आदल्या दिवशीचाच फोटो लागणार. या शेवटच्या सोयीचा तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. छोट्या ग्रुपातून मी स्वतः बाहेर पडले, कारण ठेकेदार आणि बाबा यांच्या भांडणात मला रस नव्हता. पण बाकी पाचही ठिकाणी मी होते. नीट पोचतं की नाही ते बघायला.

बाबा हरखले. नातवंडं झाली असती तरी इतके हरखले नसते, असं आई म्हणाली, आणि तो टोमणा मला होता हे मला कळलं. "एकदा सांगितलां की सगळ्यांक. कोण पयलो नाय, कोण मागसून नाय," असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. रोज संध्याकाळी ते साकवापाशी जायचे, फोटो काढायचे आणि चार ओळी लिहायचे. प्रत्येक फोटोत खाली त्यांच्या चपलांची टोकं यायची. मी किती वेळा सांगितलं, फोन जरा वर धरा. छे.

काम सुरू करताना देवळात गाऱ्हाणं घातलं होतं. गावकर देवाला एकेक गोष्ट सांगतो आणि प्रत्येक वाक्यामागे सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात, ते गाऱ्हाणं. कुठल्या तरी मुंबईकराने गंमत म्हणून बाबांच्या पहिल्या बातमीखाली "व्हय म्हाराजा" लिहिलं, आणि मग तो रिवाजच पडला. बाबांनी लिहायचं, पाया खणून झाला. पाच ठिकाणांहून उत्तर यायचं, व्हय म्हाराजा. बाबांनी लिहायचं, पाणी उपसायचा पंप बिघडला. व्हय म्हाराजा. पुण्यात माझ्या खोलीत ते बघत मी एकटीच हसायचे.

शिमगा नुकता झाला होता. सकाळी चुलतभावाचा फोन आला. "ताई, काकांका जरा बरां नाय. तू येतंस काय?"

"म्हणजे काय झालंय? दवाखान्यात नेलं का?"

"नाय, नाय. घराकच आसत. तू ये."

"आईला दे."

"काकी जरा कामात आसा. तू नीघ बघू."

आमच्याकडे "बरं नाही, ये" याचा अर्थ काय होतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. बाहेरगावच्या माणसाला त्याच्या घरातलं मरण फोनवर सांगत नाहीत. बरं नाही म्हणतात, बोलावून घेतात, दाराशी आल्यावर चार माणसं धरायला उभी करतात आणि मग सांगतात. दुसऱ्यांच्या बाबतीत हे नाटक मीही केलेलं आहे. पण स्वतःच्या बापावर वेळ आली की माणूस मुद्दाम मठ्ठ होतो. स्वारगेटला बस मिळाली, खिडकीची जागा मिळाली, आणि मी हिशेब करत बसले. घरीच आहेत म्हणजे फार नसेल. ताप असेल. साकवावर उन्हात उभे राहतात, चक्कर आली असेल. काल संध्याकाळी तर त्यांनी फोटो टाकला होता, सळ्या बांधून झाल्याचा. एवढं करणारा माणूस बारा तासांत कुठे जाणार? कोल्हापूरपर्यंत मी त्यांना बरं करत आणलं होतं. आता त्यांना पुण्याला कसं आणायचं, जिन्यावर त्यांना धाप लागेल, तळमजल्यावर खोली बघावी का, इथवर मी पोचले होते.

निपाणीच्या आसपास बस जेवायला थांबली. मी खाली उतरले नाही. पर्समध्ये फोन वाजला, पाठोपाठ पुन्हा वाजला, आणि वाजतच राहिला. पाचदा. तो आवाज माझ्या ओळखीचा होता आणि खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. बाबा उठून बसले, त्यांनी बातमी टाकली, असंच मला वाटलं.

वर ठळक अक्षरांत मथळा होता. साकवाची आजची प्रगती. त्याखाली कालचाच फोटो. बांधलेल्या सळ्या आणि खालच्या कडेला बाबांच्या चपलांची टोकं. आणि त्याखाली मजकूर.

"साकवाचे काम आज बंद राहील. आपले अध्यक्ष आज पहाटे देवाघरी गेले. वाडीला सुतक असल्याने सेंट्रिंगवाल्यांनी येऊ नये. त्यांची मुलगी पुण्याहून निघाली आहे. तिला फक्त बरे नाही असे सांगितले आहे. तिला वाटेत एकटीला कळू नये अशी काकीची इच्छा आहे. तरी कोणीही तिला फोन करू नये ही विनंती."

आणि सगळ्यात खाली, आपली वाडी, आपला साकव. प्रतिक्रिया जरूर कळवा.

मला रडू आलं नाही. मी ते पाचही ठिकाणी उघडून वाचलं. एका ठिकाणी तरी वेगळं काही असेल, अशी काहीतरी वेडी आशा असावी. सगळीकडे तेच होतं, शब्दाला शब्द. कोण पयलो नाय, कोण मागसून नाय.

चुलतभावाने काय केलं ते माझ्या लगेच ध्यानात आलं. सेंट्रिंगची माणसं बाहेरची, ओहोटी लागली की दुपारी ती कामावर येऊन उभी राहतील, त्यांना कळवायला हवं. छोट्या ग्रुपात मी नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणून त्याने विचार करून तिथेच लिहिलं. आजवर त्या ग्रुपात 'साकव' म्हणून बातमी लिहायचे ते फक्त बाबा. आपण लिहिलेलंही गावभर जातं हे त्या दिवशी त्याच्या डोक्यात कुठून यावं? त्याचाही बापच गेल्यासारखं होतं. बसमधली शेजारच्या सीटवरची बाई जेवून परत आली, मला म्हणाली, "जेवला नाहीत?" मी मान हलवली. तिने मला अर्धं केळं दिलं. ते मी हातात धरून बसले.

मग उत्तरं येऊ लागली. भावपूर्ण श्रद्धांजली, हात जोडलेली चित्रं, आणि पुन्हा पुन्हा, "आम्ही ताईंना कळवणार नाही." मुंबईकरांनी लिहिलं, काळजी नसावी, इथून कोणी फोन करणार नाही. आखातातून कोणीतरी लिहिलं, बिचारीला सुखरूप पोचू दे. एकाने सवयीने "व्हय म्हाराजा" लिहिलं आणि लगेच पुसून टाकलं. माझ्यापासून लपवायचं कसं, हे ती सगळी माणसं माझ्यासमोर ठरवत होती, आणि एकालाही सुचलं नाही की हे मी वाचते आहे. मला त्यांचा राग आला, मग मायाही आली, आणि पुन्हा राग आला.

ई-मेल सोडलं तर मला ते पुसता आलं असतं. सगळ्या किल्ल्या माझ्याकडेच होत्या. बोट ठेवायचीच खोटी. पण पुसलं की चुलतभावाला दिसणार, आणि पुसणारं माणूस एकच, म्हणजे मला कळलं हे त्याला कळणार आणि त्याच्याकडून आईला. आईने नवरा जमिनीवर ठेवलेला असताना जगाकडे एकच गोष्ट मागितली होती, पोरीला वाटेत एकटीला कळू नये. तेवढंही तिला मिळालं नाही हे तिला कळू द्यायचं नाही, असं मी त्या बसमध्ये ठरवलं. म्हणून मी काही पुसलं नाही. उत्तरं येत राहिली आणि मी ती वाचत राहिले. फोंड्याच्या घाटात रेंज गेली तेव्हा फोन गप्प झाला. घाट संपूच नये असं वाटत होतं.

कणकवलीला चुलतभाऊ कुणाची तरी गाडी घेऊन आला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, आणि तोंडावर हसू चिकटवलेलं. "बस वेळेवर इली मां?" म्हणाला. गाडीत तो एक क्षण गप्प बसला नाही. यंदा आंबा कमी, काजूला मोहर बरा, रस्त्याचं काम कसं रखडलं. मी व्हय व्हय करत होते. मध्येच मी विचारलं, "बाबांना ताप किती आहे?" विचारायला हवंच होतं, नाहीतर संशय आला असता. तो गिअर बदलायला लागला. "कमी आसा आता," म्हणाला.

व्हाळापाशी गाडी थांबली. जुना साकव काढून टाकला होता आणि नव्याच्या सळ्यांवर फळ्या टाकून वाट केली होती. त्याने माझा हात धरला. "सांभाळून ये. काका म्हणी होते, माझां चेडू येवच्या आधी स्लॅब पडाक होयो." बोलून गेला आणि थांबला. "म्हणतत," तो म्हणाला. "रोज म्हणतत." मी, त्यांची पोर, खाली पाण्याकडे बघत चालले होते. मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.

खळ्यात माणसं होती. बायका उठून पुढे आल्या, मला धरायला. दारात आई उभी होती, एवढीशी झालेली. मी सगळ्यांच्या मधून सरळ तिच्याकडे गेले, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "आये, तू कायतरी खाल्लंस काय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मला कुशीत घेतलं आणि सांगितलं. मी रडले. ते रडणं खोटं नव्हतं, सकाळपासून अडकलेलं ते तेव्हा सुटलं. रात्री तिने विचारलं, "तुका वाटेत कोणी सांगूक नाय मां?" मी म्हटलं, "नाय." ती म्हणाली, "बरां झालां."

दोन दिवसांनी चुलतभावाच्या ध्यानात आलं. आखातातून फोन येऊ लागले तेव्हा त्याने बघितलं असावं. तो माडाखाली माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी त्याला बोलूच दिलं नाही. म्हटलं, माझा फोन बंद होता, घरी आल्यावरच वाचलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवून रडला. त्याला खरं वाटलं की नाही कोण जाणे.

तेराव्यानंतर काम सुरू झालं. आता बातमी तो लिहायचा. त्याच्या पहिल्या बातमीखाली बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही, मग कुणीतरी धीर करून लिहिलं, व्हय म्हाराजा. त्याचे फोटो नीट यायचे, चपला कधी दिसल्या नाहीत. पावसाआधी साकव झाला. नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, पहिलं पाऊल आईने टाकावं असं सगळे म्हणाले. आईने टाकलं आणि पलीकडे न जाता मागे फिरली.

श्रावणात मी गेले होते. बाहेर पावसाची संततधार होती, आई मागच्या पडवीत सुपात कुळीथ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुका वाटेतच कळलां होतां मां?"

"कोण म्हणालं?"

"कोण कशाक सांगूक होयो? बापूस आजारी आसा म्हणान इलेलां चेडू पयलां बापाशीकडे धावतलां. तू माझ्याकडे धावलंस. माका इचारलंस, कायतरी खाल्लंस काय."

तिने सुपातले आणखी चार खडे वेचले.

"तेंका तार घेवन जावचां लागायचां," आई म्हणाली. 'ते' म्हणजे बाबा, ती त्यांचं नाव घेत नाही. "अवेळी पोस्टमन दिसलो की दारातल्या माणसांक तेच्या चालीवरसून कळायचां. तरी ते बसत, पाणी मागत, पावसाच्या गजाली करत, मगे सांगत. म्हणत, आयकणाऱ्याक कधीच कळलेलां असता, ह्यां सगळां सांगणाऱ्याक धीर होयो म्हणान." ती थांबली. "तुझ्याजवळ तेव्हा कोण नाय होतां. तां माका अजून खाता."

"शेजारी एक बाई होती," मी म्हटलं. "तिने केळं दिलं."

आईला त्याचं बरं वाटलं. मग सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "माझ्या वेळेक ह्यो खेळ नको. तुझ्या त्या यंत्रार घालूक सांग. सगळ्यांक एकदम कळांदे, तुकाव. कोणाक खोटां हसाक लागूचां नाय."

मी भडकले. काहीबाही बोलू नकोस म्हणाले, उठून आत गेले, भांडी आपटली. तिने पुन्हा सूप उचलल्याचा आवाज आला. मी नाही म्हटलं नव्हतं, आणि तिनेही पुन्हा विचारलं नाही.

म्हणून यंत्र चालू आहे. मथळा तेवढा मी काढून टाकलाय, फोटोची सोयही. ऑफिसात मीटिंगमध्ये सगळ्यांचे फोन मुके असतात, माझा नसतो. साहेब कपाळाला आठ्या घालतात.

परवा सकाळी तो वाजला. पाचदा. मी चहा बाजूला ठेवून फोन उघडला. चुलतभावाने सवयीने लिहिलं होतं, "साकवावर शेवाळ धरले आहे, सर्वांनी जपून चालावे." खाली मुंबईहून, आखातातून उत्तरं येत होती, व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. मी ती वाचली नाहीत. घरी फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर आईने उचलला.

"आये," मी म्हटलं, "तू कायतरी खाल्लंस काय?"

तिकडे सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आसंय गो," ती म्हणाली. "आसंय अजून."